सुट्टीच्या दिवशीची पावती

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. बायको म्हणते, जगाची कुलुपं उघडत फिरतोस, तुझ्या तोंडाला मात्र एखादं लावायचं राहिलं. खरं आहे. धंदाच तो. मी कुलूपवाला, माझे बाबाही कुलूपवाले. दुकान त्यांचं, हातातली कला त्यांची, तोंड तेवढं माझं स्वतःचं.

तर त्या दिवशी गाडीच्या वायपरखाली दंडाची पावती दिसली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सार्वजनिक सुट्टीचा दिवस. सगळी शटर खाली, रस्त्यावर कुत्रं नाही. आणि गाडीच्या नाकासमोर पाटी उभी: गाड्या लावण्यास मनाई, फक्त कामाच्या दिवशी. म्हणजे सुट्टीला लावा, खुशाल लावा. माझ्यासारख्या दोनदा नापास झालेल्या माणसाला जे कळतं ते सरकारी माणसाला कळू नये? मी पाटीचा फोटो काढला, पावतीचा काढला, आणि दोन्ही एकत्र दिसतील असाही एक काढून ठेवला.

पुढे कित्येक दिवस मी भेटेल त्याला ती पावती दाखवत होतो. शेजारचा शिंपी, समोरचा सायकलवाला, किल्ली करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. "भरून टाक आणि मोकळा हो," असं शिंपी म्हणाला तर त्याच्याशीच भांडलो. प्रश्न पैशांचा नव्हताच. प्रश्न असा होता की मी बरोबर होतो. इतकं स्वच्छ, इतकं शंभर टक्के बरोबर असण्याची वेळ माझ्यावर फार क्वचित येते. मी हरकत नोंदवली. सुनावणीची तारीख मिळाली, ती नेमकी ताई आमच्याकडे राहायला आलेली असतानाची.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. दुसऱ्या गावात शाळेची मुख्याध्यापिका आहे, आवाज न चढवता माणसाला गार करते. बाबांना विसर पडायला लागल्यापासून तिचं एकच पालुपद: त्यांना माझ्याकडे पाठव, घर मोठं आहे, भावोजी निवृत्त झालेत, दिवसभर घरीच असतात. माझंही एकच उत्तर: बाबा माझ्याकडे आहेत आणि मजेत आहेत. सकाळी ज्येष्ठांच्या केंद्रात, दुपारनंतर दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर. त्यांच्यापुढे मी जुन्या कुलपांचा ट्रे ठेवतो. ते एकेक उघडतात, मी गुपचूप परत लावून ठेवतो. नावं विसरले, वार विसरले, आई गेली तेही विसरले, पण हात काही विसरले नाहीत. ते शेजारी नसले तर मला काम सुचत नाही. हे मी ताईला कधी सांगितलं नाही, भांडणात असलं काही बोलता येत नाही. शेवटी आमच्यात ठरलं की ताई येईल, राहील, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. सगळं नीट दिसलं तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिसलं तर बाबांना घेऊन जाईल, आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही.

आणि सगळं नीट दिसत होतं. बाबांचे कपडे, औषधं, केंद्रातल्या बाईंनी केलेलं कौतुक. ताई बायकोला म्हणालीसुद्धा, "मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता." ती जाणार त्याच्या आदल्या दिवशी सुनावणी. मी अगदी फुशारकीत म्हटलं, "ताई, तूही चल. बघ तुझा भाऊ त्यांना कसं पाणी पाजतो."

"ताईंना कशाला त्या भानगडीत नेतोस," बायको म्हणाली. "तुझं तुझं काय ते उरकून ये." मी ऐकलं नाही.

आता जे शिंप्याला सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही, ते सांगतो. त्या दिवशी गाडीत बाबा होते.

सुट्टी म्हणजे केंद्र बंद. बायको नर्स, सुट्टीच्या दिवशी तिची ड्युटी ठरलेली. आणि लोकांच्या किल्ल्याही नेमक्या सुट्टीलाच मोडतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला: दवाखान्याच्या कुलपात किल्ली तुटली, पेशंट गाल धरून पायरीवर बसलाय, लगेच या. मी बाबांना गाडीत मागे बसवलं आणि निघालो.

मागे बसवलं, कारण मागची दारं मी त्यांच्यासाठी मुद्दाम तयार केली होती. एकदा सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते दार उघडून उतरले आणि सरळ चालू लागले. मग मी लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावलं. बाबांनी काच खाली केली, हात बाहेर घातला आणि बाहेरून उघडलं. मी काचेचं बटण काढून टाकलं. त्यांनी दाराची आतली मूठच खोलायला घेतली. तेव्हा मी दोन्ही दारांच्या आतल्या मुठी काढल्या आणि त्या जागी सपाट पत्रा स्क्रूने आवळला. खरं सांगतो, तो पत्रा बसवताना मला मजा आली. ज्या माणसाला कुठलंच कुलूप अडलं नाही, त्याला अडेल असं एक मी केलं होतं. लाज वाटायची ती राहिली बाजूला, मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

बाबांचा धंद्यातला एक नियम होता. दाराआड माणूस अडकला असेल, पोर असो नाहीतर म्हातारी, तर हत्यारांच्या पिशवीला हात लावायच्या आधी दाराला तोंड लावून त्याच्याशी बोलायचं. नाव विचारायचं. मी आलोय, उघडतोय, तू फक्त हाक मारत राहा, असं सांगायचं. लहानपणी मी बाथरूमला कडी लावून आत अडकलो होतो. शेजारीपाजारी म्हणत होते दार तोडा. बाबा दाराशी फतकल मारून बसले आणि माझ्याशी बोलत राहिले. दार कधी उघडलं ते मला आठवत नाही, त्यांचा आवाज आठवतो. हा नियम त्यांनी मला धंद्यात आल्या आल्या शिकवला. मीही तो पाळत आलो, परक्या लोकांसाठी.

"बाबा, पाच मिनिटांत आलो," असं म्हणून मी गेलो. गाडी दवाखान्यापासून जरा लांब, सावलीत लावली होती, काच बोटभर उघडी ठेवली होती. फोन मात्र पुढच्या सीटवरच विसरला.

तुटलेला तुकडा लगेच निघाला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलाच आहात तर मागचं दारही बघता का, फार अडतं. मग औषधांचं कपाट. मग चहा. "तुमच्या हातात जादू आहे," असं त्या म्हणाल्या, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. बाबांची आठवणच झाली नाही, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आठवण झाली. कपाटापाशी झाली, चहाच्या वेळी झाली. मी मनात म्हटलं, आहेत ना बसलेले, जातात कुठे.

बाहेर आलो तेव्हा सावली सरकून पलीकडच्या फुटपाथवर गेली होती. फोनवर कुठल्यातरी अनोळखी नंबरचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. बाबा बसलेले, मुठीत एक नाणं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि पत्र्याच्या कडेला ओरखडेच ओरखडे. "उघडलं नाही," एवढंच म्हणाले. तेवढ्यात मला पावती दिसली आणि मी तिच्यावर तोंड सोडलं. आता वाटतं, ती पावती सापडली म्हणून मी सुटलो होतो. नाहीतर बाबांकडे बघावं लागलं असतं.

सुनावणीची खोली छोटीशी होती. टेबल, खुर्च्या, खरखर करणारा पंखा. टेबलामागे साहेब, चष्मा कपाळावर चढवलेला. बाजूला स्टुलावर पावती फाडणारी मुलगी बसली होती, वयाने माझ्या भाचीएवढी, गळ्यात शिट्टी. मी मनातल्या मनात तिला शिट्टी म्हणायला सुरुवातही केली. लोकांना नावं ठेवायला मला वेळ लागत नाही.

मी फोटो टेबलावर मांडले आणि सुरू झालो. पाटी काय म्हणते, तारीख काय म्हणते, तुमच्या माणसांना कॅलेंडर वाचता येतं की नाही. मागे बसलेली ताई हळूच खाकरली, म्हणजे जरा दमानं घे. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पाटी बघितली, तारीख बघितली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "सुट्टी होती. पावती रद्द."

संपलं. माझं निम्मं भाषण पोटातच राहिलं. मी वळून ताईकडे बघितलं. ती हसत होती, मी शाळेतून चित्रकलेचं बक्षीस आणलं होतं तेव्हा हसली होती तशी. तिथेच उठून नमस्कार करून निघालो असतो तर आज बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर असते. पण माझं तोंड.

"आणि यांचं काय?" मी शिट्टीकडे बोट दाखवलं. "चुकीची पावती फाडायची, लोकांना मनस्ताप द्यायचा, आणि यांना कुणी काही विचारायचं नाही?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "तुमचं काही म्हणणं आहे?"

ती उभी राहिली. "साहेब, पाटी मी वाचली होती. सुट्टी आहे हेही मला माहीत होतं." मग ती माझ्याकडे वळली. "ते आजोबा बरे आहेत ना आता?"

माझ्या मनात पाल चुकचुकली नव्हती असं नाही. पण पावतीचा फोटो म्हणजे नंबरप्लेटचा फोटो, असंच मी धरून चाललो होतो. बाबांना कुणी पाहिलं असेल आणि लक्षात ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठले आजोबा?" ताईने विचारलं.

"गाडीत मागे होते ना, ते," शिट्टी म्हणाली. ती कुणावर आरोप करत नव्हती, खरोखर विचारत होती. "मी काचेवर टकटक केलं, दार उघडा म्हटलं, तर आतून मूठच नव्हती. ऊन आलं होतं गाडीवर. आमच्या मशीनमध्ये पावती केल्याशिवाय मालकाचा फोन नंबर येत नाही. म्हणून पावती केली. फोन लावला, तर तो गाडीतच वाजायला लागला. मग आसपासची दारं वाजवत सुटले. सुट्टी होती, कुणी दार उघडेना. काच फोडू म्हणून कोपऱ्यावरून दगड घेऊन आले, तर गाडी निघून गेलेली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. आज तुम्ही येणार असं कळलं, म्हणून रजा होती तरी आले."

ताई उठून टेबलापाशी गेली. "फोटो असेल ना?"

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग स्क्रीन तिच्याकडे वळवली. फोटो बाजूने काढलेला होता. काचेमागे बाबा, दारावर ओणवे झालेले, नाणं पत्र्याच्या फटीत, जिभेचं टोक दातांत धरलेलं. अवघड काम आलं की ते तसंच धरतात.

"घाबरले होते का हो?" ताईने विचारलं. तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता.

"घाबरले नव्हते. त्यांना वाटत होतं की ते बाहेर आहेत आणि दुसरंच कुणीतरी आत अडकलंय. मला म्हणाले, माझं पोरगं आहे आत, लहान आहे अजून. आणि त्या दाराला तोंड लावून बोलत होते. रडू नको, बाबा उघडतोय, तू फक्त हाक मारत राहा. सारखं तेच."

मला आयुष्यात लाज पुष्कळदा वाटली आहे. उधारीवरून वाटली, भांडणात हरल्यावर वाटली. ती वरवरची असायची, दोन दिवसांत जायची. ही तशी नव्हती. त्या खोलीतून निघून जाऊन काही उपयोग झाला नसता, मला स्वतःतूनच निघून जावंसं वाटत होतं. ज्या पोराला सोडवायला ते घामाघूम झाले होते, ते पोर त्या वेळी आतल्या थंडगार खोलीत चहा पीत होतं.

"सही करा," साहेब म्हणाले. पावती रद्द झाल्याचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. पेन जागेवर ठेवायच्या निमित्ताने शिट्टीकडे बघायचं टाळलं. ताईनेच तिचा हात हातात घेतला. "बरे आहेत ते," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात त्यांच्यापाशी, फार मोठं काम केलंत." मी बाजूला उभा होतो, सामान धरायला आणलेल्या माणसासारखा.

बाहेर आल्यावर ताईने हात पुढे केला. मी किल्ली दिली. ती चालवायला बसली, आणि मला काही तिच्या शेजारी बसवेना. मी मागचं दार उघडलं आणि बाबांच्या जागेवर बसलो. घरापर्यंत तिने आरशातसुद्धा मागे बघितलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ओरखडे माझ्या गुडघ्याशीच होते. सगळे एकाच जागी, कडेच्या एका स्क्रूभोवती. पत्रा कुठून सुटेल ते त्यांना अगदी बरोबर कळलं होतं, नाणं तेवढं जाड पडलं होतं.

घरासमोर गाडी थांबली. ताई उतरली, दार लावलं आणि आत गेली. मुद्दाम गेली की विसरून, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. सवयीने माझा हात मुठीकडे गेला आणि पत्र्यावर आपटला. पुढच्या सीटवरून घुसून बाहेर पडता आलं असतं. माझं पोट सुटलंय, पण अगदीच अशक्य नव्हतं. मी जागचा हललो नाही. ऊन काचेवर होतं, काच बोटभर उघडी होती, आणि बोटभर फटीतून किती हवा येते ते मला तेव्हा कळलं. हाक मारायची तर कुणाला, आणि कुठल्या तोंडाने.

मग घराचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. मागून बायको त्यांना धरायला आली तर त्यांनी तिचा हात झटकला. हळूहळू गाडीपाशी आले, वाकले, काचेतून आत बघितलं आणि फटीला तोंड लावलं.

"कोण आहे आत?"

मी काचेकडे सरकलो.

"घाबरायचं नाही. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. घरातलं, लहानपणचं.

"आलोय मी. उघडतोय. तू फक्त हाक मारत राहा."

"बाबा," मी म्हटलं. ते दार चाचपत होते. "बाबा. बाबा." चाळिशी उलटलेला माणूस, भर दुपारी, रस्त्यावरून येणारे-जाणारे थांबून बघतायत, आणि मी हाका मारतोय. बाहेरून ते अगदी साधं दार होतं, मूठ ओढली की उघडणारं. त्यांना मूठ सापडायला वेळ लागला. सापडली. दार उघडल्यावर त्यांनी माझं डोकं धरून पोटाशी घेतलं आणि म्हणाले, "झालं की. एवढ्याशा गोष्टीला रडतात का?"

ताई घराच्या दारात उभी होती. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "ताई, त्यांना तू घेऊन जा."

"आधी घरात ये," ती म्हणाली. "घामाने भिजलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. मी बाबांना हात धरून बसवलं. ताईच्या बाजूचं दार आतून उघडतं ना, ते मी दोनदा बघून घेतलं, आणि मी ते बघतोय हे ताईने बघितलं. कुलपांचा ट्रे बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं आदराने बघत होते. टॅक्सी सुरू झाली तेव्हा त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"तुमचं पोरगं अडकलं होतं ना आत," ते म्हणाले. "निघालं का बाहेर?"

"निघालं," मी म्हटलं.